इमॅजिकाला जायचे आहे : नायट्रोवर कुठे बसावे आणि जेवावे केव्हा?

म्हापसेकर यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मुलीची बारावीची परीक्षा झाली आहे आणि तिला दिलेला शब्द पाळायचा म्हणून मे महिन्यात आम्ही सहकुटुंब खोपोलीच्या इमॅजिका या करमणूक उद्यानात जाण्याचे ठरवले आहे. गोव्यात पाण्याच्या खेळांची उद्याने आहेत, हणजुणेचे स्प्लॅशडाउन मुलांच्या चांगल्या परिचयाचे आहे. परंतु उंचावरून कोसळणारा आणि माणसाला उलटा करणारा मोठा रोलर कोस्टर आपल्याकडे नसल्यामुळे जत्रेतल्या आकाशपाळण्यापलीकडे आमच्यापैकी कोणाचाच अनुभव नाही. मुलीला तिथल्या नायट्रो या रोलर कोस्टरवर बसायचेच आहे. माझीही इच्छा आहे, पण अनमोड घाटाच्या वळणांवर मला नेहमी मळमळते. सोबत सत्तरी गाठलेल्या सासूबाई आहेत. त्या सोमवार कटाक्षाने पाळतात आणि आमचा उद्यानातला दिवस नेमका सोमवारीच येतो आहे.

नायट्रो एवढ्या लांब जाण्याच्या योग्यतेचा आहे का, पहिल्यांदा बसणाऱ्याने कोणती रांग निवडावी, आणि दिवसभरात काय व केव्हा खावे, याविषयी ज्यांनी पुष्कळ कोस्टर अनुभवले आहेत त्यांनी आपले स्पष्ट मत द्यावे. तिकिटांच्या सवलतींची माहिती आम्ही मिळवली आहे, त्यामुळे ती नको.

कोस्टर-फोंडा

नायट्रोसाठी गोव्याहून जावे का, याचे माझे उत्तर निःसंदिग्ध होय असे आहे. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड मॅबिलार्ड या कंपनीने बांधलेला हा कोस्टर २०१३ मध्ये सुरू झाला. त्याची उंची सुमारे ४० मीटर आहे, वेग ताशी सुमारे १०५ किलोमीटर आहे आणि तो बसणाऱ्याला पाच वेळा उलटा करतो. जगातल्या मोठ्या कोस्टरांच्या मानाने हे आकडे फार मोठे नाहीत. तरीही मी त्याला वरच्या दर्जाचा मानतो, कारण माझ्या मते कोस्टरची खरी परीक्षा पहिला उतार संपल्यानंतर सुरू होते; तिथे मिळालेला वेग तो पुढच्या वाटेवर कसा खर्च करतो, हे पाहायचे असते. कित्येक कोस्टर पहिल्या कोसळण्यातच सर्व काही देऊन बसतात आणि उरलेला मार्ग रेंगाळत पुरा करतात. नायट्रोवर एका वळणातून बाहेर पडून मान सरळ होते न होते तोच पुढचे वळण सुरू झालेले असते, आणि एवढे होऊनही शरीराला हिसके बसत नाहीत. ही सफाई फार थोड्या कंपन्यांना साधली आहे.

मुलीला आधी सांगून ठेवण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. या गाडीला तळ नाही. चौघे जण एका ओळीत बसतात, खांद्यांवरून कवच खाली येते, कर्मचारी प्रत्येकाचे कवच हाताने ओढून तपासतात आणि त्यानंतर फलाटाची पायाखालची जमीन बाजूला होते. क्षणापूर्वी जिच्यावर पाय टेकलेले होते ती नाहीशी होऊन पाय अधांतरी लोंबू लागतात. माझ्या दृष्टीने संपूर्ण फेरीतला हा सर्वांत उत्कंठेचा क्षण आहे, आणि तेव्हा तर गाडी हललेलीही नसते. दुसरी गोष्ट म्हणजे चढणीवरचा कट्-कट् असा आवाज. वीज गेली किंवा साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून एक खिटी दातेरी पट्टीच्या एकेका दात्यात पडत जाते, तिचा तो आवाज असतो. काहीतरी सैल झाले आहे असे वाटून नवखी माणसे त्याला घाबरतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता जागेविषयी. गाडीचा पुढचा भाग माथा ओलांडून खाली जाऊ लागतो तेव्हा मागचा भाग अजून चढणीवरच असतो; पुढच्या भागाचा वेग वाढला की मागची रांग माथ्यावरून अक्षरशः खेचली जाते आणि बसणारा आसनावरून उचलला जातो. ज्याला कोसळण्याचा कैफ हवा त्याने शेवटची रांग घ्यावी. तुम्हाला मात्र मी पहिली रांग सुचवीन, तिच्यासाठी अधिक वेळ थांबावे लागले तरी थांबा. डोळ्यांना जे दिसते आणि अंतःकर्णाला जी हालचाल जाणवते त्यांचा मेळ बसला नाही की मळमळते. पहिल्या रांगेत पुढचा रूळ डोळ्यांसमोर असल्यामुळे शरीराला प्रत्येक वळणाची आगाऊ सूचना मिळते. याच कारणासाठी पडद्यासमोर हलणाऱ्या खुर्च्यांच्या राइड तुम्ही टाळाव्यात, असे मला वाटते. त्या शांत दिसतात, पण तिथे डोळे मैलोगणिक धावतात आणि शरीर एका जागी राहते; घाटात ज्यांना त्रास होतो त्यांना नायट्रोपेक्षा त्यांचाच त्रास अधिक होण्याचा संभव असतो.

उलटे होण्याची भीती वाटत असेल तर लूपच्या, म्हणजे गाडीला उलटे करणाऱ्या उभ्या वेढ्याच्या, आकाराकडे खालून नीट पाहा. तो पूर्ण गोल नसतो. पूर्ण गोल लूपमध्ये माथा जेमतेम पार होईल एवढाच वेग ठेवला, तरी तळाशी शरीरावर वजनाच्या सहापट भार येतो. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९५ मध्ये आलेला गोल लूपचा फ्लिप फ्लॅप रेल्वे हा माना दुखावणारा म्हणूनच कुप्रसिद्ध झाला. पुढे १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील मॅजिक माउंटन येथे रिव्होल्यूशन हा कोस्टर सुरू झाला. त्याच्या लूपचे गणित वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्याने केले होते. माथ्याशी त्रिज्या लहान आणि तळाशी मोठी, म्हणजे आकार उलट्या थेंबासारखा. यामुळे तळाचा भार सुसह्य झाला आणि आजचे सगळे लूप त्याच वाटेने आले आहेत. श्टेंगेल यांच्याइतके उपकार आमच्यासारख्या कोस्टरवेड्यांवर क्वचितच कोणी केले असतील.

खाण्याबाबत माझा नियम साधा आहे. सकाळी पोई किंवा पाव आणि एखादे केळे एवढे हलके खाऊन उद्यान उघडताच सरळ नायट्रोकडे जावे, मोठ्या राइड दुपारपर्यंत आटोपाव्यात आणि मगच पोटभर जेवावे. उपाशीपोटी मुळीच बसू नये. मे महिन्याच्या उन्हात रांगेत उभे राहून अशाने चक्कर येते. तळलेले पदार्थ आणि फसफसणारी शीतपेये शेवटच्या फेरीनंतर.

मडगावचा खवय्या

फोंड्याच्या मित्राचे जागेविषयीचे विवेचन मला पूर्ण मान्य आहे, परंतु त्यांनी जेवणाचा विचार केवळ पोटाच्या सोयीपुरता केला. उद्यानातले अन्न हे त्या उद्यानाच्या व्यक्तिमत्त्वाचाच भाग असते, असे मी मानतो. कॅलिफोर्नियातील नॉट्स बेरी फार्मचेच पाहा. नॉट कुटुंब बेरीची शेती करत असे. १९३४ मध्ये कॉर्डेलिया नॉट यांनी तळलेल्या कोंबडीचे जेवण वाढण्यास सुरुवात केली. गर्दी एवढी वाढली की वाट पाहणाऱ्या लोकांना काहीतरी पाहायला मिळावे म्हणून वॉल्टर नॉट यांनी १९४० पासून जुन्या वस्तीची प्रतिकृती उभारायला घेतली. त्यातूनच पुढे राइडचे उद्यान वाढत गेले. आजही तिथे जाणारे कोस्टरप्रेमी कोंबडीचे ते जेवण आणि बॉयझनबेरीचे पदार्थ यांचा उल्लेख कोस्टरांच्या बरोबरीने करतात.

आपल्याकडच्या उद्यानांविषयी माझी तक्रार आहे ती हीच. पिझ्झा, बर्गर, तळलेले बटाटे आणि सर्वत्र सारखाच लागणारा पुलाव हे मी अनेक ठिकाणी खाल्ले आहे; पोट भरते, पण आपण कोणत्या प्रांतात आहोत हे ताटावरून कळत नाही. जत्रेत पाळण्याशेजारच्या गाड्यावर गूळ, तीळ आणि आले यांच्या पाकातले खाजे कागदात बांधून मिळते. त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ते तोंडात टाकताच बाहेरचे कुरकुरीत गुळाचे कवच फुटते आणि आल्याचा तिखटपणा मागाहून जाणवतो. गोव्यात कधीकाळी मोठे उद्यान झाले, तर त्याच्या फाटकाशी खाज्याचा गाडा असलाच पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणेन. तूर्त तुम्ही घरून एक पुडा न्या. उद्यानात बाहेरचे अन्न बहुधा नेऊ देत नाहीत, तेव्हा तो गाडीत किंवा हॉटेलवर ठेवा.

सोमवारची काळजी नको, शाकाहारी जेवण तिथे सहज मिळते. प्रवासाचे म्हणाल, तर थिवीहून रात्रीच्या कोकणकन्येने गेल्यास पहाटे पनवेलला उतरता येते आणि तिथून रस्त्याने खोपोली गाठता येते. परतीला वेळ असेल, तर दिवसाची मांडवी एक्सप्रेस घ्या. तिच्या खानपानाची ख्याती कोकण रेल्वेच्या प्रवाशांना सांगायला नको. आणि खोपोली गावातला वडापाव चुकवू नका.

वास्कोहून आखातात

मी नोकरीनिमित्त अबू धाबीत राहतो, त्यामुळे वेगाच्या बाजूने चार शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. यास बेटावरच्या फेरारी वर्ल्डमधला फॉर्म्युला रोसा २०१० मध्ये सुरू झाला तेव्हा तो जगातला सर्वांत वेगवान कोस्टर होता. सुमारे ५ सेकंदांत तो ताशी २४० किलोमीटरचा वेग गाठतो. वाळू आणि कीटक यांपासून डोळे वाचावेत म्हणून सर्वांना चष्मे लावायला देतात. उलटे करणारे एकही वळण त्यात नाही, आणि तरी त्या पहिल्या पाच सेकंदांत पाठ आसनाला अशी चिकटते की हात पुढे करणेही जड जाते. कोस्टर-फोंडा आकड्यांना दुय्यम मानतात. पण काही अनुभव केवळ आकड्यानेच शक्य होतात, आणि हा त्यांपैकी एक आहे. गोव्यातल्या पुष्कळ घरांतले कोणी ना कोणी आखातात असते, तेव्हा नातेवाइकांकडे जाल तेव्हा हा कोस्टर अवश्य पाहावा.

कोस्टर-फोंडा

वास्कोच्या मित्राने सांगितलेले ते पाच सेकंद मीही अनुभवले आहेत आणि त्यांची थोरवी मला मान्य आहे. परंतु त्यानंतरच्या दोन किलोमीटरच्या वाटेवर ओळीने आठवावे असे मला फारसे काही सापडत नाही. नायट्रोची मात्र वळणे मी आजही क्रमाने मनात फिरवू शकतो. न्यू जर्सीचा ‘किंगडा का’ हा कोस्टर १३९ मीटर उंच होता, ताशी २०६ किलोमीटर वेगाने सुटत असे, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तो सुरुंग लावून पाडण्यात आला. दुसरीकडे कोनी आयलंडचा सायक्लोन हा लाकडी कोस्टर १९२७ पासून धावतो आहे. उंचीने तो नायट्रोपेक्षाही लहान आहे, पण त्याच्या उतारांचा क्रम उत्तम असल्यामुळे लोक त्याच्यासाठी आजही मुद्दाम जातात. माझा कल कुठे आहे हे यावरून ध्यानात यावे.

म्हापसेकर

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या रांगेचे कारण वाचून माझी बरीच भीती कमी झाली. आणखी दोन शंका आहेत. सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास आहे. त्यांचा दिवस कंटाळवाणा जाऊ नये म्हणून काय करावे? आणि काही कारणाने जाणे जूनच्या मध्यावर ढकलले, तर चालेल का?

कोस्टर-फोंडा

रक्तदाब, हृदयविकार, मान किंवा पाठीचे दुखणे असलेल्यांना मोठ्या राइडवर बसू नये अशी सूचना प्रत्येक प्रवेशाशी लावलेली असते आणि ती तंतोतंत पाळावी. सासूबाईंना बसून पाहण्याच्या व संथ राइडवर न्या, दुपारच्या उन्हात वातानुकूलित जेवणघरात निवांत बसू द्या आणि नायट्रोच्या वेळी खाली सावलीत थांबू द्या. तिथून गाडी डोक्यावरून जाताना दिसते. जून टाळा. वीज कडाडू लागली किंवा जोराचा पाऊस आला की कोस्टर थांबवावे लागतात, आणि घाटाच्या पायथ्याचा पाऊस कसा असतो हे आपणा कोकणच्या माणसांना ठाऊकच आहे. मे महिन्यातला सोमवार त्या मानाने फार चांगला, कारण शनिवार-रविवारची गर्दी ओसरलेली असते.

मुलीने ओढणी घेऊ नये, चष्मा आणि मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा, गळ्यातले कपड्याच्या आत घ्यावे. रजेच्या दिवसांत कोकणकन्येचे आरक्षण फार लवकर भरते, म्हणून ते आजच पाहा.