पाण्याकाठी डोळ्यांना काय दिसलं? (अनुभव धागा)

हर्णैला सूर्याची खालची कड पाण्याला टेकते ना, तेव्हा खरा सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो. क्षितिजालगतचे किरण वातावरणातून येताना साधारण अर्धा अंश वाकतात, आणि सूर्यबिंबही अर्ध्या अंशाचंच. खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, म्हणून बिंब चपटं दिसतं. हे कळल्यापासून मला सूर्यास्त दुपटीने आवडायला लागला. किनाऱ्यावर, खाडीत, विहिरीत प्रकाशाने तुम्हाला काय दाखवलं? सविस्तर लिहा.

खाडीकाठ: आमची कर्ली खाडी. उथळ पाण्यात आजोबा लोखंडी शीग घेऊन उभे राहायचे आणि मला सांगायचे, "मासो दिसता थंय नसता रे, वायच खालती मार." पाण्यातून हवेत येताना किरण वाकतो, डोळा मात्र तो सरळच आला असं धरून चालतो. म्हणून मासा वर उचललेला दिसतो. वरून सरळ खाली पाहिलं तर चार हात खोल तळ तीन हातांवर वाटतो, तिरकं पाहिलं तर आणखी वर. आजोबांनी शाळा पाहिली नव्हती, पण किती तिरकं पाहिलं की किती खाली मारायचं हे त्यांच्या मनगटात होतं.

माडबन: @खाडीकाठ, आईबापांनी हे वाचाच. विहिरीचा, खाडीचा तळ दिसतो त्यापेक्षा खोल असतो. मुलांना पाण्यात सोडण्याआधी हे सांगा.

खडपावरून: मालवणला पर्यटकांना स्नॉर्कलिंगला नेतो. मास्कमध्ये हवा असते, त्यामुळे प्रवाळ पाऊण अंतरावर आणि जवळपास एक तृतीयांश मोठं भासतं. नवखा माणूस हात पुढे करतो तो पोहोचतच नाही. थोड्या वेळाने मात्र हाताला अंदाज येतो.

भाट्ये: समुद्र निळा कारण आभाळ निळं, असं शाळेत ऐकलं होतं. पोलराइज्ड गॉगल लावून पुळणीवर उभं राहा आणि थोडं पुढच्या पाण्याकडे तिरकं पाहा. चकाकी बरीचशी विझते, खालची वाळू दिसायला लागते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये युरोपहून बोटीने परतताना हेच निकोल प्रिझम (गॉगलसारखाच चकाकी गाळणारा छोटा स्फटिक) वापरून केलं. आकाशाचं प्रतिबिंब झाकलं, तरी भूमध्य समुद्राची निळाई तशीच राहिली. साध्या खिशातल्या उपकरणाने एवढा मोठा प्रश्न सोडवायचा, याचं मला फार अप्रूप आहे.

श्रावणसर: इंद्रधनुष्य सकाळी समुद्रावर, संध्याकाळी सह्याद्रीकडे. दुसरं, फिकं धनुष्य शोधा: थेंबात किरण दोनदा परावर्तित होतो, म्हणून त्याचे रंग उलटे असतात.

वेंगुर्ला बंदर: थंडीत पहाटे मतलई वारा गार असतो आणि पाणी ऊबदार. पाण्यालगतची हवा तापून विरळ होते, किरण वरच्या बाजूला वळतात आणि दूरच्या होडीखाली आभाळाचा पट्टा दिसतो. होडी अधांतरी! लांबच्या खडकांची टोकंही पाण्यापासून सुटलेली दिसतात. पाहायचं असेल तर ऊन चढण्याआधी या आणि पाण्याच्या कडेला उकिडवे बसा. डोळे जितके खाली, तितका पट्टा रुंद.