रॉटरडॅम: डे काउप स्टेडियम आणि परिसराचे छायाचित्रण – सल्ला हवा आहे

अॅम्स्टेलकाठी

नमस्कार मंडळी. माझे वास्तव्य अॅमस्टलवेनला आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर एक दिवस रॉटरडॅमला जाऊन फेयेनोर्ड फुटबॉल क्लबचे डे काउप हे स्टेडियम आणि त्याच्या आसपासची स्थळे टिपण्याचा विचार आहे. मला खेळाडूंपेक्षा इमारतीत अधिक रस असल्यामुळे सामना नसलेला दिवस मुद्दाम निवडला आहे. माझ्याजवळ फुल फ्रेम कॅमेरा, 16-35 मिमी (रुंद दृश्याची) आणि 70-200 मिमी (लांबची) अशा दोन लेन्स आणि एक ट्रायपॉड आहे. स्टेडियमसाठी कोणत्या वेळेचा उजेड चांगला, बाहेरून नेमके काय टिपण्याजोगे आहे, आणि एरास्मस पूल, युरोमास्ट मनोरा, घनाकृती घरे यांपैकी एका दिवसात काय घ्यावे व काय सोडावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मासकिनारा

धाग्याबद्दल आभार, हा माझ्या विशेष आवडीचा विषय आहे. डे काउप 1937 साली खुले झाले. त्याचे वास्तुकार ब्रिंकमन आणि व्हान डर व्लुग्ट. याच जोडीच्या कार्यालयाने याच शहरातील व्हान नेले हा कारखाना उभारला, जो 2014 पासून जागतिक वारसा यादीत आहे. तो कारखाना पाहिलेल्या माणसाला स्टेडियमची रचना चटकन उमगते, कारण दोन्ही ठिकाणी सांगाडा झाकलेला नाही, उलट तोच इमारतीचा चेहरा आहे. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की संपूर्ण स्टेडियम एका चौकटीत बसवण्याच्या मागे लागू नका. दुरून ते बुटके आणि पसरट दिसते, समोर वाहनतळाचा मोठा पट्टा येतो आणि चित्रात काहीच उरत नाही.

त्याऐवजी जवळ जा आणि 70-200 बाहेर काढा. बाहेरच्या बाजूने वर चढत जाणारे जिने, त्यांचे कठडे, पोलादी खांबांच्या मधून दिसणारा वरच्या मजल्याचा तळ, आणि एकामागे एक येणाऱ्या तिरप्या रेषा हेच या इमारतीचे खरे वैभव आहे. वरचा मजला खालच्या प्रेक्षकांच्या नजरेआड एकही खांब न येऊ देता पुढे झेपावतो, आणि 1937 मध्ये ही मोठी गोष्ट होती. प्रेक्षकांवरचे सध्याचे छत मात्र 1994 च्या नूतनीकरणातले आहे. जुना सांगाडा आणि नवे छत यांचा सांधा जिथे दिसतो, तिथे थोडा वेळ अवश्य द्या.

उजेडाचे म्हणाल, तर स्टेडियमसाठी ढगाळ सकाळ मला सर्वांत योग्य वाटते. कडक उन्हात छताखालचा भाग काळाठिक्कर पडतो आणि वरचे पोलाद पांढरे फटक होते, मग ब्रॅकेटिंग (कमी-जास्त उजेडाची अनेक चित्रे घेऊन जोडणे) करूनही चित्र ओढून आणल्यासारखे दिसते. ऑक्टोबरात सूर्य आठच्या सुमारास उगवतो, त्यामुळे फार पहाटे उठण्याचीही गरज नाही. सेंट्रल स्थानकावरून दक्षिणेकडे जाणारी ट्राम एरास्मस पुलावरूनच जाते, तेव्हा जातानाच पुलावरचे आकाश पाहून ठेवा. स्टेडियमबाहेर कून मौलेन या खेळाडूचा पुतळा आहे. 16-35 ने खालून टिपला, तर मागे स्टेडियमचा सांगाडा छान उभा राहतो.

दुपारी डे हेफ घ्या. 1927 चा हा उचलता येणारा रेल्वे पूल 1993 मध्ये गाड्या नदीखालच्या बोगद्यातून जाऊ लागल्यावर निवृत्त झाला, पण त्याचे मनोरे आणि वर उचललेला पूल जपून ठेवले आहेत. स्टेडियमच्या पोलादाशी त्याचे नाते जुळत असल्याने तुमच्या मालिकेत तो सहज बसेल.

एरास्मस पूल 1996 चा, वास्तुकार बेन व्हान बेर्केल, खांब 139 मीटर उंच. दुपारनंतर सूर्य पश्चिमेकडे झुकला, की नदीच्या उत्तर काठावरच्या विलेम्सकाडे या धक्क्यावरून त्याची पश्चिमेकडची बाजू उजळलेली मिळते. पूल सुरू झाल्यानंतर काही आठवड्यांतच वारा आणि पाऊस एकत्र आले, की केबल थरथरू लागत, म्हणून नंतर त्यांना धक्काशोषक बसवले गेले. केबलच्या पायथ्याशी असलेले हे नळीसारखे भाग लांब लेन्सने अवश्य टिपा, बहुतेक जण त्यांच्याकडे पाहतच नाहीत. ट्रायपॉड मात्र पुलावर लावू नका, ट्राम गेली की तो हलतो.

संध्याकाळी विलेम्सब्रुग हा पूल ओलांडून नूर्डरआयलंड या नदीतल्या बेटाच्या पश्चिम टोकावर या. त्या दिवसांत सूर्यास्त पावणेसातच्या आसपास होतो आणि सूर्य एरास्मस पुलाच्या दिशेने मावळतो, त्यामुळे आधी छायाकृती आणि मग निळ्या आकाशात दिवे लागलेला पूल, दोन्ही एकाच जागेवरून मिळतात.

धुकट_सकाळ

वरील सल्ला उत्तम आहे, पण सामन्याच्या दिवसाबद्दल माझे मत वेगळे आहे. त्या जिन्यांवर माणसे चढू लागली, की इमारतीचे प्रमाण लक्षात येते. रिकाम्या जिन्याला मोजमाप नसते. तिकीट नसले तरी सामन्याआधीचा एक तास बाहेर काढावा. आत जाणार असाल, तर मोठी लेन्स चालते का, हे तिकिटाच्या अटींमध्ये आधी पाहा. आतील रचना शांतपणे टिपायची असेल, तर क्लबची मार्गदर्शित फेरी घ्यावी.

ड्रोनचा विचार मनात असेल, तर तो काढून टाका. बंदर आणि विमानतळ जवळ असल्यामुळे शहरातील बरीच हवाई हद्द बंद आहे.

युरोमास्टबद्दल: 1960 चा हा मनोरा एरास्मस पुलाच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे उन्हाच्या दुपारी वरून नदी आणि पूल सुंदर दिसतात, ढगाळ दिवशी तिकिटाचे पैसे वाचवा.

अॅम्स्टेलकाठी

दोघांचेही मनापासून आभार. सकाळ स्टेडियमला, दुपार डे हेफ आणि विलेम्सकाडेला, संध्याकाळ नूर्डरआयलंडला असे ठरवतो, आणि युरोमास्टचा निर्णय आकाश पाहून घेतो. घनाकृती घरांचे काय करावे?

मासकिनारा

पीट ब्लोम यांची ती घरे ब्लाक स्थानकाला लागून आहेत आणि शेजारीच 2014 चे मार्क्टहाल हे छताखालचे बाजारगृह आहे. अंधार पडल्यावर नूर्डरआयलंडवरून परतताना दोन्ही वाटेवरच लागतात. मार्क्टहालच्या कमानीचे रंगीत छत काचेतून बाहेरूनही दिसते, तेव्हा ट्रायपॉड तिथे बाहेरच लावा. घरांच्या मधल्या अंगणात उभे राहून 16-35 सरळ वर धरा, पण तिथे लोक राहतात, म्हणून खिडक्यांवर रोख धरू नका.