नागपुरात एक रात्र: खोली नाश्त्याशिवाय घ्या

ताडोब्याहून परतताना नागपुरात एकच रात्र आहे, वहिनींना मोठ्या हॉटेलात राहायचंय, तुम्हाला रस्त्यावरचं खायचंय. भाऊ, दोन्ही खुशाल जमतं. आम्ही काटोलकडचे, शेतीची कामं आटोपली की आम्ही दोघंही असेच जातो.

दुपारी सीताबर्डीच्या बाजारात उन्हात फिरू नका. हॉटेलचा गारवा, पोहणं, गाढ झोप, पैसे त्याचेच तर मोजलेत. रात्री सावजी, म्हणजे इथलं झणझणीत मसाल्याचं जेवण. काळपट रस्सा, वर तेलाचा तवंग, घाम फुटतोच. मटण चालत नसेल तर पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा मागा. वहिनींना इतकं तिखट सोसत नसेल, तर संध्याकाळीच सांबारवडी, म्हणजे कोथिंबीर भरलेली तळलेली वडी, खाऊन घ्या.

पण खोली नाश्त्याशिवाय घ्या, ही माझी कळकळीची विनंती. सकाळी तर्री पोह्यांचा ठेला गाठा. पोहे मोकळे, त्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री, कांदा, लिंबू. तर्री आधी थोडीच घ्या, पोह्यांनी शोषली की पुन्हा मागा. हॉटेलातल्या बुफेत ही चव येतच नाही.

निघताना संत्रा बर्फी घ्याच. डिसेंबरात आलात तर आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळी हंगामाची ताजी संत्रीही मिळतील.