ड्रॅगन चालतो, मग मे महिन्याचं ऊन का नाही?

तापीकाठ: डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा कल्पित साहसांचा खेळ), 2014 ची पाचवी आवृत्ती. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. मोहीम सातपुड्याच्या पायथ्याशी, मे महिन्यात. चौघा खेळाडूंपैकी एकाच्या पात्राच्या अंगावर जड चिलखत. तो म्हणतो, ड्रॅगन मान्य, मग उन्हाचा हिशेब कशाला? वास्तव किती ठेवावं?

भुसावळी डीएम: भाऊ, ड्रॅगन हा त्या जगाचा नियम आहे. ऊन आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तिथली चूक लगेच खुपते. नियम वापरा: 38 अंशांवर पारा आणि प्यायला पाणी नाही, तर दर तासाला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, म्हणजे पात्राची काटकता तपासणारा फासा; तो हुकला की थकव्याची एक पातळी चढते. डीसी (फाशावर गाठायचा आकडा) 5 पासून, तासागणिक 1 वाढवा. मध्यम किंवा जड चिलखताला डिसॲडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून कमी आलेला धरायचा. मात्र थकव्याच्या तिसऱ्या पातळीला सेव्हवरही डिसॲडव्हान्टेज येतो, मग माणूस सावरतच नाही. त्याआधी विहीर किंवा सावली दिसू द्या.

रावेरकर: पाणी मोजाच. उन्हात माणशी दिवसाला 2 गॅलन, चौघांचे 8, म्हणजे 30 लिटर, तितकेच किलो ओझं. बैल लागणारच! पण क्लेरिक (देवाच्या बळावर मंत्र टाकणारं पात्र) पहिल्या पातळीच्या एका मंत्रात 10 गॅलन काढतो आणि सगळा ताण संपतो. त्या मंत्राचं काय करायचं ते पहिल्या सत्राआधी ठरवा. मध्येच बंदी घातली तर खेळाडूंचा विश्वास उडतो, आणि तो उन्हाच्या चुकीपेक्षा महाग पडतो.

तापीकाठ: मंत्र ठेवतो, पण गावाची गुरंढोरंही तहानलेली दाखवतो. 10 गॅलन कोणाला, ते खेळाडूंनी ठरवावं.