अंगणात आणि बागेत काय घालावे: चिरा, पेव्हर ब्लॉक की ग्रॅनाइट?

कुळागरी (फोंडा):
गोव्यात नवे घर बांधून झाले की कुंपणापासून जोत्यापर्यंतची सगळी मोकळी जागा पेव्हर ब्लॉकने झाकून टाकण्याची जी पद्धत पडली आहे, तिला माझा विरोध आहे. आपल्याकडे वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. म्हणजे 100 चौरस मीटरच्या अंगणावर वर्षभरात सुमारे 3 लाख लिटर पाणी येते. हे पाणी पूर्वी मातीतून विहिरीच्या झऱ्यांकडे जात असे. आता ते फाटकाबाहेर रस्त्यावर जाते आणि एप्रिलमध्ये तेच घर टँकरची वाट पाहते. माझे मत असे की बागेत फक्त चालण्यापुरत्या वाटा कराव्यात, त्या पूर्ण जाडीच्या जांभ्या चिऱ्याच्या असाव्यात, चिरे सिमेंटमध्ये न बसवता चोपलेल्या खडीवर बसवावेत आणि दोन चिऱ्यांमध्ये बोटभर फट ठेवून ती क्रशरच्या भुकटीने भरावी. उरलेली जागा मातीची राहू द्यावी.

कंत्राटी (म्हापसा):
पाण्याबद्दलचे आपले म्हणणे योग्य आहे, पण त्याचा दोष ब्लॉकवर टाकणे योग्य नाही. पेव्हर ब्लॉक वाळूच्या थरावरच बसवायचा असतो आणि त्याच्या सांध्यांतून थोडेबहुत पाणी खाली जातेच. चिखल होऊ नये म्हणून घरमालकच खाली काँक्रीटचा थर घालायला सांगतात, आणि तसे केल्यावर वर चिरा असला काय किंवा ब्लॉक असला काय, पाणी अडणारच. ताकदीचेही पाहा. भारतीय मानकानुसार बांधकामाच्या जांभ्या चिऱ्याची दाब सोसण्याची किमान अपेक्षित ताकद दर चौरस मिलिमीटरला 3.5 न्यूटन आहे, तर केवळ पायी चालण्याच्या जागेसाठीसुद्धा ब्लॉक 50 मिलिमीटर जाड आणि एम-30 दर्जाचा, म्हणजे 30 न्यूटनचा, लागतो. पुढे कधी पाण्याची पाइप फुटली, तर ब्लॉक उचलून, काम करून, तेच ब्लॉक पुन्हा बसवता येतात. चिरा उचलताना त्याच्या कडा तुटतात.

सासष्टीकर (मडगाव):
आपण दोघेही ज्या गोष्टीबद्दल बोलत नाही, ती म्हणजे शेवाळ. आमच्या घरी दोन वृद्ध माणसे आहेत, त्यांपैकी एक काठी घेऊन चालतात, आणि फणसाच्या सावलीतली चिऱ्याची वाट जुलैपासून चवथीपर्यंत त्यांच्यासाठी बंदच असते. चिरा पाणी धरून ठेवतो, त्याच्या छिद्रांत माती साचते आणि पाऊस दोन दिवस थांबला तरी तो ओलाच राहतो. ब्लीचिंग पावडर टाकून घासले की काही दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. मी फाटकापासून पायरीपर्यंत फ्लेम फिनिशचा, म्हणजे ज्वाळेने पृष्ठभाग खरबरीत केलेला, ग्रॅनाइट घालण्याच्या बाजूची आहे. त्याला पैसे जास्त पडतात हे खरे, परंतु तो पाणी जवळजवळ शोषत नाही आणि ओला झाला तरी पाय धरून ठेवतो. दुकानदार 'बाहेर चालेल' म्हणून गुळगुळीत पॉलिशचा दगड दाखवतात, तो मात्र कोणीही घेऊ नये.

कुळागरी (फोंडा):
कंत्राटी, 3.5 न्यूटनचा आकडा भिंत बांधण्याच्या संदर्भातला आहे. बागेतून चालणाऱ्या माणसाच्या भाराने पूर्ण जाडीचा चिरा फुटत नाही. तो झिजतो, आणि तेही सावकाश. गाडी उभी करण्याच्या जागेत चिरा घालावा असे मी म्हटलेले नाही. तिथे आपले ब्लॉक खुशाल घाला, फक्त ते 60 मिलिमीटरचे घ्या आणि कडेला पक्के दगड बसवा, नाहीतर पहिल्या पावसात कडा सरकतात. सासष्टीकर, शेवाळ ब्लॉकवरही धरते. त्याला दगडाइतकीच सावली आणि साचलेले पाणी कारणीभूत असते. वाटेला मीटरमागे 2 सेंटिमीटर उतार दिला आणि वरच्या फांद्या मे महिन्यात छाटल्या, तर फरक दिसतो.

जुनेगोंयकार (तिसवाडी):
'सावकाश झिजतो' हे चिऱ्याच्या जातीवर अवलंबून आहे. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूच्या बासिलिकेचा, म्हणजे तिथल्या जांभ्याच्या जुन्या चर्चचा, बाहेरचा गिलावा 1950 च्या दशकात काढण्यात आला आणि तेव्हापासून उघड्या पडलेल्या जांभ्याची पावसाने होणारी झीज हा तिच्या जतनातला कायमचा प्रश्न होऊन बसला आहे. जुने लोक चिऱ्याला चुन्याचा गिलावा करीत, तो उगाच नव्हे. खाणीतून नुकताच काढलेला चिरा मऊ असतो आणि उघड्यावर राहून कठीण होतो, म्हणून तो निदान काही महिने ठेवूनच वापरावा. ज्यात पिवळट मातीचे पट्टे दिसतात तो चिरा वाटेला घेऊच नये, आणि भिंतीवर चिकटवण्यासाठी मिळणाऱ्या जांभ्याच्या पातळ लाद्या तर जमिनीवर मुळीच नकोत.

गृहिणी (डिचोली):
शहाबादी आणि कोटा यांचे नावच कोणी घेतले नाही. खरबरीत शहाबादी फरशी स्वस्त पडते, तुळशीभोवती अनवाणी फिरायला चांगली वाटते आणि काळ्या कडप्प्याइतकी तापत नाही. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवावी की शहाबादी, कोटा, तांदूर, कडप्पा हे सगळे चुनखडीचे दगड आहेत. डाग काढायला ॲसिड ओतणारा कामगार आला, तर त्याला आधी थांबवा. ॲसिडने फरशीचा पृष्ठभाग खाल्ला जातो आणि मग तीवर मळ अधिकच धरतो.

सीमेवरचा (पेडणे):
चिऱ्याला 'आपला दगड' म्हणून पर्यावरणस्नेही ठरवण्याआधी चिरेखाणी पाहून याव्यात. काम संपले की खड्डे तसेच सोडून दिले जातात, पावसात त्यांची खोल तळी होतात आणि अशा तळ्यांत माणसे बुडून मेलेली आहेत. पाणी मुरवण्याच्या नावाखाली आपण दुसऱ्या गावाचा डोंगर कापणार असू, तर हा हिशोबही मांडला पाहिजे.

कुळागरी (फोंडा):
हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी पाडलेल्या जुन्या घरांचे चिरे घेण्याचा आग्रह धरतो. ते मुरलेले असतात, जे फुटायचे ते आधीच फुटलेले असतात आणि त्यांच्यासाठी नवी खाण लागत नाही.

कंत्राटी (म्हापसा):
जुने चिरे एका मापाचे नसतात. ते निवडण्यात आणि तासण्यात गवंड्याचे जे दिवस जातात, त्यांची मजुरी धरली तर ते नव्या ब्लॉकपेक्षा महाग पडू शकतात. छोट्या वाटेसाठी ठीक आहे, सगळ्या अंगणासाठी मी ते काम घेणार नाही.

सासष्टीकर (मडगाव):
मग छोट्या वाटेपुरतेच घ्या, कारण कुळागरी सगळे अंगण झाकायला सांगतच नाहीत. फाटक ते पायरी हा पट्टा मात्र मी ग्रॅनाइटचाच करणार: खाली चोपलेली खडी, वर भुकटी, मध्ये रुंद सांधे आणि काँक्रीट अजिबात नाही. फणसाखालच्या वाटेवर कोणी चिरे घालणार असेल, तर गवंड्याला पैसे देण्यापूर्वी तिथे दोन बादल्या पाणी ओतून ते कोणत्या बाजूला जाते आणि कुठे साचते एवढे पाहून घ्यावे.