प्लँक्स्टी या आयरिश लोकसंगीताच्या बँडचा १९७३ चा अल्बम अजून कुणी ऐकतं का?

कोथरूडकर: मामाने जुन्या बाजारातून आणलेली ‘प्लँक्स्टी’ची कॅसेट आमच्याकडे रविवारी हमखास वाजायची. काल तोच अल्बम पुन्हा लावला आणि पहिल्याच गाण्याला अंगावर काटा आला! बँडचा गायक ख्रिस्टी मूर ‘रॅगल टॅगल जिप्सी’ गातो, आणि गाणं संपतं न संपतं तोच सगळे मिळून सतराव्या शतकातल्या एका अंध हार्पवादकाच्या चालीत शिरतात. मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. मामी स्वयंपाकघरातून ‘आवाज वाढव रे’ म्हणायची, ती नेमकी इथेच. लियम ओ’फ्लिन बँडमधला इलियन पाइप (आयरिश बॅगपाइप) वाजवताना तोंडाने फुंकत नाही म्हणतात, मग हवा येते कुठून? आणि यानंतर काय ऐकू?

पेठेतला श्रोता: कोपराखाली भाता असतो, त्याने दुसऱ्या काखेतली पिशवी भरते. म्हणून सूर तुटत नाही. खालचे ड्रोन (एकच सूर धरणाऱ्या नळ्या) तंबोऱ्यासारखे अखंड चालू असतात, हेडफोन लावून ऐका. ओ’फ्लिन २०१८ मध्ये गेले, फार वाईट वाटलं.

सहकारनगर: डोनाल लनी आणि अँडी अर्व्हाइन या बँडमधल्याच दोघांची बुझुकी-मँडोलिन या तारवाद्यांची गुंफण हाच माझ्या मते या अल्बमचा प्राण. लनी पुढे ‘बोथी बँड’मध्ये गेले, त्या बँडचा १९७५ चा पहिला अल्बम घ्या. वेग जास्त, पण पाइप तितकाच गोड.

कोथरूडकर: मनापासून आभार. मामीलाही लिंक पाठवतो.