सेल चार्जिंगला लावताय? घरच्या चार्जरचे तुमचे अनुभव इथे लिहा

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या कोल्हापुरात, शिवाजी पेठेतल्या घरी माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. आत तेवीस रिचार्जेबल सेल, सगळे बसलेले. कुठलाच फार जुना नव्हता, बरेचसे तर दोन-अडीच वर्षांतलेच. मी सेलच्या कंपन्यांना नावं ठेवणार होतो, इतक्यात लक्षात आलं की हे सगळे एकाच चार्जरवरून गेलेत. सेलच्या पाकिटाबरोबर आलेला तो पांढरा चार्जर. दोन-दोनच्या जोडीनं सेल लावायचे, लाल दिवा लागतो, आणि आपण काढेपर्यंत तो लालच राहतो.

त्याच्या पाठीवर बारीक अक्षरात १५० मिलिअँपिअर, म्हणजे तो किती करंट देतो ते लिहिलंय, ते मी पहिल्यांदाच वाचलं आणि कागदावर हिशोब मांडला. सेलमध्ये जेवढं भरायचं त्याच्या सव्वा ते दीडपट ओतावं लागतं, कारण काही भाग उष्णतेत जातो. म्हणजे २००० मिलिअँपिअर-तासाच्या (सेलमध्ये किती मावतं त्याचं हे माप) मोठ्या पेन्सिल सेलला सतरा ते वीस तास लागणार. रिमोटमधला बारीक सेल ८०० चा, त्याला सात-आठ तास पुरे. आम्ही मात्र सगळेच रात्री दहाला लावायचो आणि सकाळी आठला, आठवलं तर, काढायचो. जाडे सेल अर्धेच भरत होते. बारीक सेल पहाटेच भरून पुढे नुसते तापत होते. सुट्टीला गावी गेलो तर दोन-दोन दिवस तसेच. आमचे सेल मेले नाहीत, आम्ही ते शिजवले.

म्हणून हा धागा. तुमच्याकडे कुठल्या पद्धतीचा चार्जर आहे, सेल किती वर्षं टिकले, काय बिघडलं, काय जमलं ते लिहा. कुठून लिहिताय तेही सांगा.

राजारामपुरी, लग्नाचे फोटो काढतो

माझं पोटच या सेलवर आहे. फ्लॅशमध्ये चार पेन्सिल सेल लागतात. सुरुवातीला मी दुकानातले साधे अल्कलाइन सेल घालायचो. व्होल्टेज १.५ असल्यामुळे तेच चांगले असं वाटायचं. पण फ्लॅशला एका दमात भरपूर करंट लागतो, आणि तिथं अल्कलाइन सेल धापा टाकतो. शेवटच्या मंगलाष्टकेला अक्षता पडतात तो क्षण दोन-तीन सेकंदांचा. पहिला फोटो निघायचा, दुसऱ्याला फ्लॅशचा तयार-दिवा लागायचाच नाही, तोवर अक्षता जमिनीवर. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल कागदावर १.२ व्होल्टचा, पण तो जोराचा करंट सहज देतो. फ्लॅश पटकन भरतो आणि शेवटपर्यंत दमत नाही.

चार्जर मी तीन वापरले. पहिला तासाभरात भरणारा. काढताना सेल हातात धरवत नव्हते, रुमालात घेऊन खिशात टाकायचो. ते सेल एक लग्नसराई काढायचे आणि बसायचे. दुसरा जोडीवाला. आता चार वेगळ्या खणांचा आहे, प्रत्येक सेल स्वतंत्र भरतो आणि भरला की आपला आपण थांबतो. दोन हजारच्या सेलला चार-पाच तास लागतात. सेल कोमट होतात, भाजत नाहीत. आताचे चार संच पाचव्या वर्षात आहेत.

एक सवय सांगतो. चारी सेलवर एकच खूण करा. माझ्याकडं लाल ठिपक्याचे चार, निळ्या ठिपक्याचे चार असे संच आहेत. एकत्र घ्यायचे, एकत्र वापरायचे, एकत्रच चार्जिंगला लावायचे. एक जरी दुसऱ्या संचात गेला तर घरी आल्यावर आधी तो शोधतो.

शिवाजी उद्यमनगर, इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं काम

वरच्या दोघांनी लिहिलंय त्यामागचं कारण सांगतो. सेल भरत असताना त्याचं व्होल्टेज हळूहळू वर चढतं. पूर्ण भरला की चढायचं थांबतं आणि किंचित खाली येतं. ही घसरण फक्त काही मिलिव्होल्टची असते. चांगला चार्जर तिच्यावरच टपून असतो. मी एकदा वर्कशॉपमध्ये मीटर लावून बसलो होतो. १.४६, १.४७, बराच वेळ १.४७ वरच, सेल बोटाला जरा गरम लागायला लागला, आणि शेवटचा आकडा एकानं उतरला. त्याच मिनिटाला चार्जरचा दिवा हिरवा झाला. तेव्हापासून मला त्या दिव्याबद्दल आदर आहे.

यात दोन गोष्टी येतात. जोडीवाल्या चार्जरमध्ये दोन सेल एका रांगेत असतात, त्यामुळे एक भरलेला आणि एक रिकामा लावला तर चार्जरला दोघांची मिळून बेरीजच दिसते. भरलेला सेल तापत राहतो, रिकामा अर्धवट राहतो. आणि चार्जर फारच कमी करंटचा असेल तर ती घसरण इतकी पुसट होते की ओळखताच येत नाही. म्हणून "जितका हळू तितका चांगला" हे सरसकट खरं नाही. दोन हजारच्या सेलला एका खणात पाचशेच्या आसपास करंट असला की मला समाधान वाटतं.

आता आपल्याकडची खास अडचण. स्वस्तातले कित्येक "ऑटो कट" चार्जर व्होल्टेज बघतच नाहीत, त्यांच्यात फक्त घड्याळ असतं. अमुक तास झाले की बंद. वळवाचा पाऊस आला की लाईट येते-जाते, संध्याकाळी तीन-चार वेळा तरी. दर वेळी लाईट आली की त्या चार्जरचं घड्याळ शून्यापासून सुरू होतं, आणि भरलेल्या सेलवर पुन्हा तितकेच तास चढतात. माझ्याकडं फुगलेले, वरचं प्लास्टिक तडकलेले सेल घेऊन लोक येतात ते बहुतेक मे महिन्यात. लाईट जात-येत असेल तर चार्जरचा पिन काढून ठेवा, लाईट टिकली की लावा.

मंगळवार पेठ, आजी

मी सातवीतल्या नातवाकडून टाईप करून घेतेय, कारण चूक आमच्या दोघांचीही होती. त्याच्या गाडीतले सेल संपले. चार्जर दिसला, त्यानं ते त्यात लावले. ते साधे, एकदाच वापरायचे सेल होते. माप तेच, रंगही सारखाच. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. बारीक चर्र असा आवाज येत राहिला, मला वाटलं तव्याचा. मग काहीतरी उग्र वास आला. बाहेर येऊन बघते तर एका सेलच्या बुडातून पाणी सुटून चार्जरच्या पट्टीवर पसरलं होतं. मी बटण बंद केलं आणि सेल हातानंच काढला. बोटं चुरचुरली. नळाखाली खूप वेळ धरल्यावर थांबलं.

पोराच्या डोळ्यात उडालं असतं तर, या विचारानं त्या रात्री मला झोप आली नाही. आता आमच्या घरात नियम आहे. सेलवर रिचार्जेबल असं लिहिलेलं आणि पुढे मिलिअँपिअरचा आकडा स्वतः वाचून दाखवायचा, मगच चार्जर हातात मिळतो. साधे सेल वेगळ्या डब्यात, वेगळ्या कपाटात ठेवलेत.

शिवाजी उद्यमनगर

आजी, तुम्ही बटण आधी बंद केलंत हे फार बरं केलं. अल्कलाइन सेलमधलं ते पाणी म्हणजे तीव्र क्षार, पोटॅशियम हायड्रॉक्साइड. पुढच्या वेळी हातमोजा किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळून सेल काढा. पट्टीवर पांढरी भुकटी जमली असेल तर चार्जर भिंतीतून काढून कापसावर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा, मग कोरडं करा. पण पट्टी काळी पडली असेल तर तो चार्जर टाकूनच द्या.

आंबेवाडी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा चढली तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर अडकलो होतो. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे इथल्या पोराटोरांना पाठ असतं. त्या वेळी पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. लाईट आधीच बंद केलेली. घरात आठ रिचार्जेबल सेल होते, बॅटरी होती, छोटा रेडिओ होता, भिंतीत लावायचा चार्जरही होता. पण भिंतीत करंटच नाही. दुसऱ्या रात्री बॅटरी पिवळी पडली. म्हातारे वडील, लहान मुलं, आणि खाली जिन्याच्या कुठल्या पायरीपर्यंत पाणी आलंय ते बघायला उजेड नाही. ती रात्र आठवली की आजही पोटात कालवतं.

ओसरल्यावर मी यूएसबीवर चालणारा चार्जर घेतला. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, तेव्हा आम्ही वेळेत पाहुण्यांकडं निघून गेलो. तिथंही लाईट नव्हती, पण गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चार-चार सेल भरत राहिलो. बॅटरी एकही रात्र विझली नाही.

आणि सेल कुठले हेही महत्त्वाचं. पहिले सेल मी मे महिन्यात भरून ठेवले होते, ऑगस्टमध्ये काढले तर निम्म्याहून जास्त उतरलेले. आता ठेवून दिले तरी फारसे न उतरणारे सेल मिळतात. सान्यो कंपनीनं २००५ साली एनेलूप नावानं असे सेल आणले, आता ते पॅनासोनिकच्या नावानं येतात, दुसऱ्या कंपन्यांचेही आहेत. पाकिटावर "प्री-चार्ज्ड" किंवा "रेडी टू यूज" लिहिलेलं असतं. नदीकाठच्या माणसानं तेच घ्यावेत. आम्ही मृगाच्या आधी सगळे भरतो आणि पंधरा ऑगस्टला एकदा बघतो.

कसबा बावडा, भजनी मंडळ

आमच्याकडं कॉलरला लावायचे दोन वायरलेस माईक आहेत, एकेकात दोन सेल. अभंग ऐन रंगात आला की आवाज तुटायचा. आम्ही माईकला दोष देत राहिलो. शेवटी एका पोरानं सेल तपासले तर एक जुना आणि एक नवा अशी जोडी लागलेली. जुना आधी रिकामा होतो, नवा तरीही करंट ढकलत राहतो, आणि रिकाम्या सेलवर उलटा भार पडून तो कायमचा जातो. म्हणजे काटकसर म्हणून जोडी लावली आणि त्यातच सेल गमावले. राजारामपुरीवाल्यांची ठिपक्याची युक्ती कालच केली. एकादशीला बघू.

नागाळा पार्क

थोडक्यात लिहिते. आईचं बीपी बघायचं मशीन चार सेलवर चालतं. रिचार्जेबल घातले तर चारांचे मिळून ४.८ व्होल्ट होतात, साध्यांचे ६. आमचं मशीन भरलेल्या सेलवरही काही दिवसांत "बॅटरी लो" दाखवायचं, एकदा हवा भरतानाच बंद पडलं आणि आई घाबरली. मशीनच्या पुस्तिकेत अल्कलाइन वापरा असं स्पष्ट लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. आता त्यात अल्कलाइनच घालते. भिंतीवरच्या घड्याळातही साधाच, वर्षभर बघावं लागत नाही. मुलाचा माऊस, खेळणी, वजनकाटा यांना मात्र चार्जिंगचेच.

कागल तालुका, ऊस

आमच्याकडं पाणी पाजायला रात्रीची लाईट असते, डोक्याला लावायची बॅटरी लागतेच. तिच्यात लिथियमचा जाडा सेल आहे, ३.७ व्होल्टचा. त्याचा चार्जर वेगळा, सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरून थांबणारा. इथपर्यंत ठीक. पण लिथियमचा एक सेल हुबेहूब पेन्सिल सेलच्या मापाचा पण येतो, त्यावर १४५०० लिहिलेलं असतं. तो मी दुसऱ्या एका बॅटरीसाठी आणला होता. पोरानं तो त्याच्या खेळण्यातल्या ट्रॅक्टरात घातला. दीड व्होल्टच्या जागी पावणेचार, धूर आला आणि ट्रॅक्टर संपला. लई जीव होता त्याचा त्या ट्रॅक्टरावर, दोन दिवस जेवला न्हाई नीट.

तेव्हा सांगतो, दोन्ही जातीचे सेल एका डब्यात ठेवू नका, आणि लिथियमच्या चार्जरात साधे रिचार्जेबल सेल तर कधीच लावू नका. मी लिथियमच्या सेलला लाल टेप गुंडाळली आहे. अंधारात हाताला पण कळते.

शिवाजी पेठ, धागा सुरू करणारा

सगळ्यांचं वाचून मी वेगळ्या खणांचा चार्जर आणला. माझे डब्यातले सेल त्यानं घेतलेच नाहीत. लावला की दिवा लुकलुकायचा. उद्यमनगरच्या मित्रांना विचारलं. ते म्हणाले, फार उतरलेला सेल नव्या चार्जरला सेलच वाटत नाही. सेल फुगलेला किंवा पाझरलेला नसेल तर जुन्या पांढऱ्या चार्जरवर पाच मिनिटं, समोर बसून, द्यायचा आणि मग नव्यात लावायचा.

तेवीसपैकी सहा तर फुगलेलेच होते, ते बाजूला काढले. उरलेल्या सतरांपैकी नऊ जागे झाले. भरून आठवडाभर तसेच ठेवले आणि मीटरनं बघितलं. चार १.१ च्या खाली आले होते, पाच १.३ च्या आसपास टिकून आहेत. या पाचांवर हिरवा ठिपका लावलाय. त्यातले दोन बाबांच्या रेडिओत आहेत, रोज सकाळी सांगली केंद्र लागतं.

गेलेल्या सेलच्या दोन्ही टोकांना टेप लावून ते काचेच्या बरणीत ठेवलेत. बहुतेकांवर काट मारलेल्या कचराकुंडीचं चित्र आहे, म्हणजे घरच्या कचऱ्यात टाकायचे नाहीत. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ते परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. शाहूपुरी-लक्ष्मीपुरीत असे सेल परत घेणारं दुकान कुणाला माहीत असेल तर लिहा. बरणी भरत आली आहे.